थंडीत गाडी उठली नाही आणि चांगल्या बॅटऱ्या हातच्या गेल्या

पिंपळगाव, लासलगावहून कांदा भरून दिल्लीला जाणाऱ्या गाडीवाल्यांनी हे जरूर वाचा. जानेवारीत आग्रा रोडवर माझ्यासोबत घडलं ते आणखी कोणासोबत घडू नये.

ग्वाल्हेरच्या पुढे एका ढाब्यावर रात्री मुक्काम केला. पहाटे दाट धुकं, हाडं गोठवणारी थंडी. सेल्फ मारला की नुसतं कट-कट. शेजारचा बॅटरीवाला लगेच हजर. त्याने स्वतःचा पिकअप आणून उभा केला, करंगळीपेक्षा बारीक वायर माझ्या एका बॅटरीला जोडली आणि म्हणाला, "मारो सेल्फ." गाडी उठली नाही. "दोनों बैटरी मर गई, भाईसाब."

आझादपूर मंडीतून व्यापाऱ्याचे फोनवर फोन येत होते. बॅटरीवाल्याने १८,००० रुपये घेतले, वर माझ्या दोन्ही जुन्या बॅटऱ्या ठेवून घेतल्या आणि दोन 'नव्या' बसवल्या. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पावती मागितली तर म्हणे बिलबुक घरी आहे.

दिल्लीत माल खाली केला आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच कट-कट! तिथल्या दुकानदाराने झाकणं उघडून हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी, घातला. चार्ज बॅटरीत आकडा १२५० च्या वर हवा, इथे दोन खान्यांत ११५० सुद्धा नाही. मग त्याने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव, आणि कव्हरवरचा महिन्या-वर्षाचा कोड कानशीने घासलेला.

म्हणजे तो जंपर, पिकअपच्या बॅटरीवरून करंट द्यायची ती वायर, गाडी उठू नये म्हणूनच लावला होता. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, मिळून २४. पिकअपची एकच, १२ ची. त्यात डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो, जोरात फिरून दाब तयार झाला तरच ते पेटतं. थंडीत ऑइल घट्ट आणि बॅटरीचा जोरही कमी, शून्य अंशाला जवळपास एक तृतीयांश घटतो. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तेवढा करंट त्या बारीक वायरीतून कुठून येणार? माझ्या बॅटऱ्या मेल्या नव्हत्या, फक्त उतरल्या होत्या. वॉरंटीही शिल्लक होती. अशा बॅटऱ्या चार्ज करून तो पुढच्या कोणाला तरी विकणार, हे उघड आहे.

अशा वेळी आधी टर्मिनल घासून घट्ट करा. जंपर २४ व्होल्टच्याच गाडीवरून, जाड तांब्याच्या केबलने घ्या. ती गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. शेवटचा मायनसचा चिमटा बॅटरीवर नको, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने भडका उडू शकतो.

बॅटरी घ्यावीच लागली तर जीएसटीचं बिल आणि नंबर टाकलेलं वॉरंटी कार्ड हातात आल्याशिवाय जुनी देऊ नका. मी पैसे फोनवरून पाठवले होते. त्याच पुराव्यावर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे.