आंब्याखाली लॉन जगत नसेल तर मोंडो ग्रास लावा, दीड वर्षाचा अनुभव

साताऱ्यात शाहूपुरीत आमचं घर, मागं आंब्याचं मोठं झाड आणि पलीकडं कंपाउंडची भिंत, त्यामुळं तिथं सकाळी तासभर ऊन आलं तर आलं. त्या जागेत दोनदा लॉन टाकून झालं, दोन्ही वेळा पावसाळाभर हिरवंगार आणि दिवाळीपर्यंत पिवळं पडून नुसती माती. पैसे घेणाऱ्यानं एकदाही सांगितलं नाही की लॉनला ऊन लागतंच, त्याचा राग अजून आहे.

मग गावाबाहेरच्या एका नर्सरीत गेलो तर मालकांनी आधी विचारलं, "ऊन किती तास येतं?" आणि सरळ मोंडो ग्रास दाखवलं. नावात ग्रास असलं तरी हे गवत नाही, शतावरीच्या कुळातलं झाड आहे, मूळ जपान-चीनकडचं. पानं बारीक, गडद हिरवी, बारा महिने तशीच, आणि कापायची तर गरजच नाही.

20 रुपयांना पिशवी, 50 घेतल्या. खरी गंमत पुढं आहे, एका पिशवीतला गड्डा हातानं सुटा केला की चार-पाच फुटवे निघतात, म्हणजे 50 पिशव्यांत 5 बाय 10 फुटांची जागा सहा-सहा इंचावर लावून झाली. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून आधी शेणखत आणि विटांचा चुरा मिसळून घेतला, कारण पाणी साचलं की याची मुळं कुजतात. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर लावलं.

आता तक्रार. पिशव्यांमधून लव्हाळा आला! तेव्हा लक्ष नव्हतं, महिन्याभरात सगळीकडं उगवला, वरून उपटला तर खाली गाठ राहते आणि परत येतो, पार खुरप्यानं खणून काढावा लागला, आईचे दोन रविवार त्यातच गेले. त्यामुळं घेताना पिशवी उलटीसुलटी करून बघा.

दुसरं म्हणजे वाढ हळू. पहिलं वर्षभर मधली माती दिसतच होती, लोकं विचारायची हे काय लावलंय, जगणार का. आता कुठं गादीसारखं झालंय. एप्रिल-मेमध्ये कडेला जिथं दुपारचं ऊन पडतं तिथली शेंडं करपली, आतलं सगळं ठणठणीत, आठवड्यातून दोनदा पाणी पुरलं. आंब्याची पानं पडली की खराट्यानं हळूच ओढून घ्यायची, नाहीतर खालचं गुदमरतं.

यंदा पानांच्या आत फिकट जांभळी फुलं आली आणि आता निळ्या मण्यांसारखी फळं धरलीत, पानं बाजूला केली तरच दिसतात. आई रोज सकाळी चहा घेऊन तिथं जाऊन बसते आणि मोजते.

नर्सरीला पाचपैकी चार. पुढच्या जूनला नळाकडच्या पट्ट्यात लावणार आहे, यावेळी विकत घ्यायची गरज नाही, याच्यातलेच फुटवे काढणार.