रीडेव्हलपमेंटमध्ये झाडं वाचवायला घेतलेली ट्री कन्सल्टंटची सर्व्हिस : साडेतीन स्टार

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण बरंवाईट दोन्ही आहे आणि आमचं पझेशन अजून व्हायचंय, उगाच कशाला. तर कोथरूड, जुनी तीन मजली सोसायटी, रीडेव्हलपमेंटला गेलेली, आजूबाजूला सगळे जुने बंगले आणि त्यांच्याइतकीच जुनी झाडं. आमच्याकडे कंपाउंडला लागून आंबा, बकुळ, दोन कडुनिंब आणि गेटपाशी भलामोठा रेन ट्री. तोडायची परवानगी फक्त मधल्या काही झाडांची होती, बाकीची ठेवायची म्हणून प्लॅनवर हिरवे गोल काढलेले. हिरवा गोल काढायला आर्किटेक्टचं काय जातंय, पण शेजारी बेसमेंट खोदताना ते झाड जगवायचं कसं हे कोणीच सांगत नव्हतं, म्हणून ही सर्व्हिस घेतली. निम्मे पैसे आम्ही, निम्मे बिल्डर (त्याला ब्रोशरमध्ये झाडांचे फोटो हवे होते, असो).

सर्व्हे एक नंबर. बॉटनीवाल्या मॅडम आल्या, टेप घेऊन छातीच्या उंचीवर प्रत्येक बुंध्याचा घेर मोजला, त्यावरून व्यास काढला आणि म्हणाल्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचा गोल, एवढी जागा झाडाची. हे मनाचं नाही, ब्रिटनच्या बीएस 5837 या स्टँडर्डमध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टँडर्डमध्ये पण हाच हिशोब आहे, वरची मर्यादा 15 मीटर. आमच्या आंब्याचा व्यास जवळपास 50 सेमी, म्हणजे 6 मीटर. हे ऐकून बिल्डरच्या इंजिनिअरचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण बेसमेंट पार्किंगचा रॅम्प बरोबर तिथूनच खाली जात होता.

आपल्याला वाटतं झाड जेवढं वर तेवढं खाली, तसं अजिबात नसतं. बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात, त्यात आमच्याकडे थोडं खणलं की मुरूम आणि खाली काळा दगड, त्यामुळे मुळं आडवीच पसरलेली. त्यांनी कॉम्प्रेसर लावून हवेच्या झोताने आंब्याजवळची माती उडवली, फावडं नाही की पहार नाही, आणि खाली मनगटाएवढी मुळं जशीच्या तशी उघडी पडली, त्यातलं एक भिंतीच्या पायाखालून सरळ शेजारच्या काकूंच्या बागेत गेलेलं. काकू गॅलरीतून बघत होत्या, लगेच म्हणाल्या, "म्हणजे आंबे आमच्याकडे पडतात ते काही फुकट नाही."

या एका दिवसासाठी मी पूर्ण फी द्यायला तयार आहे. कारण मग वाद "झाड महत्त्वाचं की पार्किंग" असा राहिलाच नाही, कुठलं मूळ कुठे जातंय ते सगळ्यांना समोर दिसत होतं. शेवटी रॅम्प दुसऱ्या बाजूला गेला, दोन पार्किंग आडवीतिडवी झाली, ज्यांची झाली ते अजून बोलत नाहीत. इंजिनिअरने आधी "मुळं तोडायला परवानगी कशाला, झाड तर उभंच आहे" असं करून बघितलं. तेव्हा मॅडमनी 1975 चा राज्याचा वृक्ष कायदाच काढून दाखवला, त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं पण येतं. शिवाय 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात आणि परवानगीने जरी तोडलं तरी झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन लावायची. बिल्डरने रेन ट्रीचं वय मनातल्या मनात मोजलं असावं, कारण नंतर आवाज खाली आला.

जी थोडी मुळं कापावी लागली ती जेसीबी यायच्या आधी करवतीने सरळ कापून घेतली. जेसीबीने ओढलं की मूळ तिथल्या तिथे तुटत नाही, आतपर्यंत फाटत जातं आणि तिथून सडतं. कापलेल्या जागी डांबर, पेंट काही लावू दिलं नाही, त्याने फायदा होत नाही म्हणे. वरून पालापाचोळ्याचा जाड थर, बुंध्याला चिकटणार नाही असा, आणि उन्हाळाभर टँकरचं पाणी.

आता दीड स्टार कुठे गेला ते. देखरेख. करारात साईट व्हिजिट होत्या, पण त्या यायच्या ठरवून, आणि येणार म्हटलं की आदल्या दिवशी साईट चकाचक. कुंपण काय तर बांबू आणि हिरवी जाळी, स्टँडर्डमध्ये हलवता येणार नाही असं मजबूत कुंपण म्हणतात, इथे मजुरांनी पहिल्याच आठवड्यात जाळी वर करून आत सिमेंटची पोती रचली आणि बांबूवर कपडे वाळत घातले. एकदा तर आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी धुतलेलं पाणी थेट बकुळीच्या मुळाशी, सिमेंटचं पाणी म्हणजे चुनाच की हो. हे कळलं कोणामुळे, तर काकूंमुळे, त्यांनी गॅलरीतून फोटो काढून ग्रुपवर टाकला म्हणून. सुपरवायझरला विचारलं तर म्हणतो, "सर, झाड काय पळून जाणारे का?" त्याचंही काय चुकलं म्हणा, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट भलामोठा, सगळा इंग्रजीत, आणि साईटवर हिंदीत किंवा मराठीत एक साधा बोर्ड नाही.

आणि रेन ट्री. तो कोणी तोडला नाही, खणलं पण नाही त्याच्याजवळ, पण सगळे डंपर गेटमधून त्याच्याच बाजूने गेले, माती दाबून दाबून फरशीसारखी झाली, आत ना हवा ना पाणी. आता एका बाजूच्या फांद्या वाळायला लागल्यात. कंपनीला विचारलं तर उत्तर, गेटची वाहतूक आमच्या स्कोपमध्ये नव्हती. अहो, पण मग त्याच्याभोवती गोल कशाला काढला होता? जाड प्लाय किंवा लोखंडी प्लेटा टाकल्या असत्या तरी वजन वाटलं गेलं असतं, हे पण त्यांनीच नंतर सांगितलं!

घ्यायची असेल तर प्लॅन सँक्शनला जायच्या आधी बोलवा, नंतर बोलावून रॅम्प हलत नसतो, आमचा हलला ते नशीब आणि कमिटीतल्या दोन खमक्या बायका. करारात आधी न कळवता होणाऱ्या व्हिजिट, गाड्यांचा रस्ता आणि पत्र्याचं कुंपण लिहून घ्या. आणि मुळांची इजा लगेच दिसत नाही, वर यायला दोन-चार वर्षं पण लागतात, त्यामुळे पझेशननंतरची तपासणी त्यातच घ्या आणि शेवटचा हप्ता तिला बांधा. आम्ही आत्ता तो मुद्दा टाकलाय, मॅडम हो म्हणाल्यात, त्यांचा अकाउंटंट अजून मेलला उत्तर देत नाहीये.