जुना गॅलॅक्सी टॅब ए७: आहे तसा वापरावा, रूट करावा की लिनिएज टाकावं?

टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले टॅब्लेट आता घरोघरी कपाटात पडलेत. त्यांतला एक पुष्कळांच्या ओळखीचा: सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए७, १०.४ इंची. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात आला तेव्हा वायफायवाला १७,९९९ रुपयांना होता. पडदा चांगला, चार स्पीकर, ७,०४० एमएएचची बॅटरी. आत स्नॅपड्रॅगन ६६२ आणि ३ जीबी रॅम. अँड्रॉइड १० घेऊन आला, १२ वर थांबला. हार्डवेअर अजून धडधाकट, पण चालायला जड झालेला आणि सुरक्षा अपडेट बंद. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, अशी याची गत.

अशा वेळी ‘रूट कर, रॉम टाक’ असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. रूट म्हणजे असलेल्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं, रॉम म्हणजे कंपनीच्या जागी टाकायची दुसरी सिस्टिम. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींच्या आधी बूटलोडर, म्हणजे टॅब सुरू होताना सिस्टिम चालू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, अनलॉक करणं ही तिसरी गोष्ट येते. तुमच्यापुढे खरे मार्ग तीन. एक, बूटलोडरला हात न लावता सॅमसंगचीच सिस्टिम ठेवून नको ती अॅप्स काढायची. दोन, बूटलोडर उघडून त्याच सिस्टिमवर मॅजिस्क या साधनाने रूट घ्यायचं. तीन, बूटलोडर उघडून सॅमसंगची सिस्टिम पुसायची आणि लिनिएजओएस ही स्वयंसेवकांनी चालवलेली अँड्रॉइडची आवृत्ती चढवायची, रूट न घेता.

माझं मत आधीच सांगतो: ए७ सारख्या टॅबवर बहुतेकांसाठी पहिला किंवा तिसरा. मधला मार्ग सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात तोट्याचा. का, ते किंमत कुठे मोजावी लागते ते पाहिलं की कळतं.

किंमत अनलॉकची असते

रूट किंवा रॉम यांनी होणारं म्हणून जे नुकसान सांगतात, त्यातलं बरंचसं त्याआधीच झालेलं असतं. बूटलोडर उघडला की टॅबवरचा सगळा डेटा पुसला जातो, ही झाली सुरुवात. मग पहिली परकी फाईल चढवली की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज उडतो. तो चिपमधला इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहे, ० चा १ झाला की पुन्हा ० होत नाही. नंतर कंपनीची मूळ सिस्टिम परत टाकली तरी ‘सिक्युअर फोल्डर’, म्हणजे खासगी फाईलींचा कुलूपबंद कप्पा, कायमचा गेलेला असतो. वॉरंटीही जाते, अर्थात २०२० च्या टॅबची वॉरंटी केव्हाच संपली आहे, तेव्हा त्याचं दुःख नको.

जास्त जाणवतो तो वाइडवाइनचा, म्हणजे मालिका-चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या व्यवस्थेचा फटका. नेटफ्लिक्ससारखी अॅप्स एचडी चित्र द्यायचं की नाही हे टॅबच्या वाइडवाइन दर्जावरून ठरवतात. एल१ असेल तर एचडी, एल३ असेल तर चित्र ४८० रेषांच्या आसपास अडकतं. बूटलोडर उघडा असला की बहुतेक वेळा एल३ च हाती लागतं. १०.४ इंचांवर तो फरक डोळ्यांना दिसतो. टॅब मुख्यतः वेब मालिका पाहायला वापरत असाल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही: पहिला मार्ग धरा. यूट्यूबला हे लागू नाही, तिथे चित्र पूर्वीसारखंच.

मग बँकांची अॅप्स. गूगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी बूटलोडर उघडा आहे की नाही हे बघते, आणि नापास झालात तर अॅप उघडायलाच नकार देऊ शकतं. हा पेच वर्षागणिक कडक होतो आहे. फोनच्या बाबतीत भारतात हा मुद्दा निर्णायक ठरतो, पण वायफायवाल्या टॅबवर तितका नाही. यूपीआयला नोंदणीसाठी सिम लागतं, त्यामुळे एसएम-टी५०० या वायफाय मॉडेलवर तुम्ही तसंही पैसे पाठवत नव्हता. सिमवाला एसएम-टी५०५ असेल आणि त्यावरून व्यवहार करत असाल तर मात्र थांबून विचार करा.

शेवटची किंमत सुरक्षेची. उघड्या बूटलोडरचा टॅब ज्याच्या हाती पडेल तो त्यावर हवी ती सिस्टिम चढवू शकतो. तुमचा जुना डेटा कूटबद्ध असतो, तो सहजी वाचता येत नाही, पण चोरीचा टॅब पुन्हा वापरात आणणं सोपं होतं. घरात राहणाऱ्या टॅबला चालेल. ऑफिसची मेल असलेल्या आणि रोज लोकलने फिरणाऱ्या टॅबला नाही.

पहिला मार्ग: नुसती साफसफाई

याबद्दल फार कमी लोक बोलतात, कारण यात मिरवण्यासारखं काही नाही. ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, यूएसबी डीबगिंग चालू करायचं आणि कॉम्प्युटरवरून एडीबी या अँड्रॉइडच्या साधनाच्या आज्ञांनी नको ती अॅप्स तुमच्या खात्यापुरती काढायची. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आलं आणि ए७ वर १२ आहे, त्यामुळे शिझुकू आणि कँटा ही दोन अॅप्स घेतली तर कॉम्प्युटरही लागत नाही. बिक्सबी, फेसबुकचे लपलेले तुकडे, न वापरलेली मायक्रोसॉफ्टची अॅप्स, सगळं जातं. चुकून कामाचं काही काढलंत तर परत बसवता येतं, अगदीच बिघडलं तर फॅक्टरी रीसेट आहेच. फक्त एक पथ्य पाळा: दुसरा कीबोर्ड आणि दुसरा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं अॅप) बसवल्याशिवाय सॅमसंगचे काढू नका.

सोबत अॅनिमेशनचा वेग अर्ध्यावर आणा आणि जाहिरातींसाठी सेटिंग्जमधला ‘प्रायव्हेट डीएनएस’ वापरा, त्यात जाहिराती अडवणाऱ्या सर्व्हरचं नाव भरून. जाहिराती अडवायला रूट लागतं हा समज जुना आहे. ब्राउझरमधल्या आणि बऱ्याच अॅप्समधल्या जाहिराती एवढ्याने थांबतात. यूट्यूबच्या नाही थांबत, पण त्या रूट घेऊन डोमेन अडवले तरी थांबत नाहीत.

याची मर्यादाही स्पष्ट आहे. काढलेली अॅप्स सिस्टिम विभागात पडूनच असतात, त्यामुळे ३२ जीबीतली जागा फारशी मोकळी होत नाही. रॅमवरचा भार हलका होतो एवढंच. आणि सुरक्षेची तारीख जिथे थांबली तिथेच राहते.

दुसरा मार्ग: मूळ सिस्टिमवर मॅजिस्क

मॅजिस्क हे जॉन वू यांनी २०१६ मध्ये आणलेलं साधन. सिस्टिम विभागाला हात न लावता बूट इमेजमध्ये (टॅब सुरू होताना लागणाऱ्या फाईलमध्ये) बदल करून रूट देणं ही त्याची करामत. सॅमसंगवर पद्धत अशी: तुमच्या मॉडेलचं पूर्ण फर्मवेअर (कंपनीची मूळ सिस्टिम) उतरवायचं, त्यातली कित्येक जीबींची एपी फाईल टॅबवरच्या मॅजिस्क अॅपमध्ये देऊन सुधारून घ्यायची, ती पुन्हा कॉम्प्युटरवर आणायची आणि ओडिन या सॅमसंगच्या फाईली चढवणाऱ्या प्रोग्रॅमने चढवायची. तासाभराचं काम, काही चुकलं नाही तर.

मिळतं काय? अॅप्सचा त्यांच्या डेटासकट पूर्ण बॅकअप. भिंतीवर टांगून कायम चार्जरला लावलेल्या टॅबची बॅटरी फुगू नये म्हणून चार्जिंग अमुक टक्क्यांवर रोखणं. होस्ट फाईल बदलून नको ती संकेतस्थळं अडवणं. कॅमेऱ्याचा पडदा किंवा घरातल्या दिव्यांचा कंट्रोल पॅनेल म्हणून टॅब वापरणाऱ्याला यातलं दुसरं कारण खरोखर पटण्यासारखं आहे. बाकीच्यांनी प्रामाणिकपणे स्वतःला विचारावं की शेवटचं रूट घेऊन आपण नक्की काय केलं होतं.

कारण इथे अनलॉकची पूर्ण किंमत मोजून झालेली असते: नॉक्स गेला, वाइडवाइन घसरला, बँकेची अॅप्स रुसली. आणि बदल्यात सिस्टिम तीच, अँड्रॉइड १२ वर थांबलेली, सॅमसंगच्या सगळ्या सामानासकट. पूर्ण थाळीचे पैसे भरून नुसती आमटी पिऊन उठण्यासारखं आहे हे. पूर्वी मॅजिस्कमध्येच रूट लपवायची सोय होती, ‘मॅजिस्कहाइड’. जानेवारी २०२२ च्या २४ व्या आवृत्तीत ती काढली. तेव्हापासून लपवालपवी बाहेरच्या मॉड्यूलांवर चालते. आज चालणारी युक्ती पुढच्या महिन्यात बंद पडते, मग नवी शोधा. ज्यांना तो खेळ आवडतो त्यांनी खुशाल खेळावा, घरच्यांच्या हाती द्यायच्या टॅबवर नको.

तिसरा मार्ग: लिनिएजओएस

२०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड हा जुना रॉम बंद पडला आणि त्याच्या कामातून लिनिएज उभं राहिलं. ए७ च्या वायफाय आणि सिम, दोन्ही मॉडेलांना अधिकृत आवृत्ती मिळाली आहे. ‘अधिकृत’ला महत्त्व अशासाठी की तयार बिल्ड (सिस्टिमच्या बांधून दिलेल्या फाईली) प्रकल्पाच्याच सर्व्हरवरून येतात, टॅबमधल्या अपडेटरने चढतात, आणि गूगलचे सुरक्षा पॅच त्यात सामावलेले असतात. कोणा अनोळखी माणसाने फाईल-शेअरिंगच्या दुव्यावर ठेवलेला रॉम आणि हा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टॅब मोकळा होतो तो खरोखर. लिनिएजसोबत गूगलची अॅप्स येत नाहीत; हवी असतील तर माइंडदगॅप्सचं पॅकेज रिकव्हरीतून (सिस्टिमच्या बाहेर चालणाऱ्या दुरुस्तीच्या मेन्यूतून), पहिल्यांदा सिस्टिम सुरू व्हायच्या आधीच चढवायचं. हे विसरलात तर डेटा पुसून पुन्हा सगळं. वडीलधाऱ्यांना ई-पेपर आणि कीर्तनं-नाटकांसाठी टॅब द्यायचा असेल तर गूगलसकट टाका, कारण मराठीत बोलून टाइप करायला जीबोर्ड लागणारच. नुसती पुस्तकं, पीडीएफ आणि संगीत यांसाठी असेल तर गूगलशिवाय टाकून बघा. ३ जीबी रॅममध्ये फरक पडतो. देवनागरी अक्षरं आणि मराठी मेन्यू दोन्हींकडे नीट चालतात.

आता जे होत नाही तेही ऐका. प्रोसेसर आणि स्टोरेज तेच राहतं; जड गेम आधी अडखळत होते, नंतरही अडखळतील. अँड्रॉइडचे पॅच येतात, पण चिप कंपनीचं फर्मवेअर आणि ड्रायव्हर सॅमसंगने सोडले तिथेच असतात, म्हणजे सुरक्षा पूर्वीपेक्षा बरी, नव्या टॅबइतकी नाही. आणि एकेका मॉडेलचं काम एखाद-दुसरा स्वयंसेवक बघतो. त्याने सोडलं की बिल्ड थांबतात. तेव्हा आधी अधिकृत यादीत तुमचं मॉडेल आज चालू आहे का आणि शेवटचा बिल्ड कधीचा, ते पाहूनच टॅबला हात लावा.

टॅब ए७ नसेल तर

गॅलॅक्सी टॅब एस६ लाइटचं २०२० चं मॉडेल असेल तर हिशोब थोडा बदलतो. त्यावर पेनने लिहिता येतं आणि लिनिएजमध्ये पेन चालतो, पण सॅमसंग नोट्स आणि पेनचा खास मेन्यू जातो. नोट्ससाठीच टॅब घेतला असेल तर सॅमसंग सोडू नका. २०२२ चा एस६ लाइट नावाने तोच, आत मात्र एक्झिनॉसऐवजी स्नॅपड्रॅगन. एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही. शाओमीच्या टॅबांना खात्याची परवानगी लागते आणि काही दिवस वाट पाहावी लागते. गूगलचा पिक्सेल टॅब्लेट भारतात अधिकृतपणे विकला गेला नाही, पण परदेशातल्या नातेवाइकांकडून आला असेल तर त्यावर ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी अँड्रॉइडची आवृत्ती टाकून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, आणि सुरक्षेची किंमत जवळपास उरत नाही. सॅमसंगचा नवा टॅब असेल तर आणखी सावध: २०२५ च्या वन यूआय ८ या सॅमसंगच्या सिस्टिमपासून नव्या उपकरणांत बूटलोडर उघडायची सोयच काढलेली दिसते.

ठरलंच असेल तर

टॅबमधून गूगल आणि सॅमसंग दोन्ही खाती आधी काढा, नाहीतर पुसल्यानंतर जुना पासवर्ड मागत बसेल. फर्मवेअरच्या नावातलं शेवटून पाचवं अक्षर पाहा. तो बूटलोडरचा क्रमांक. त्याहून कमी क्रमांकाचं फर्मवेअर ओडिन चढवू देत नाही, म्हणून परतीसाठी उतरवून ठेवायची मूळ फाईल त्याच किंवा वरच्या क्रमांकाची हवी. ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण दिसत नसेल तर टॅब इंटरनेटला जोडून ठेवा, कधी कधी काही दिवसांनी उगवतं. ते चालू करून टॅब बंद करायचा, आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरून कॉम्प्युटरला लावलेली केबल खोचायची, आणि इशाऱ्याच्या पानावर आवाज वाढवायचं बटण दाबून धरायचं. पुसून झाल्यावर लगेच रॉम चढवायची घाई नको. एकदा टॅब सुरू करून वायफायला जोडा आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ते बटण चालू दिसतंय याची खात्री करा, मगच ओडिन उघडा. केबल मात्र चांगली घ्या.