पाळकपदाची दीक्षा: आत्ता घ्यावी, शिकून घ्यावी की थांबावे?

पाचारण झाले आहे, म्हणजे देवाने सेवेला बोलावले आहे, आणि मंडळीनेही ते ओळखले आहे, असे धरून हे लिहीत आहोत. नवापूर, साक्री, अक्कलकुव्याकडे असे बरेच भाऊ आहेत. रविवारची उपासना घेतात, बुधवारी घरोघरी प्रार्थना घेतात, लोक 'पास्टर' म्हणूनच हाक मारतात, पण दीक्षा, म्हणजे हात ठेवून पाळकपदावर रीतसर नेमणूक, झालेली नसते. त्यांच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) राहून शिकायचे आणि मग दीक्षा घ्यायची. दुसरी, मंडळी न सोडता विस्तारशिक्षणाने, म्हणजे घरी राहून, शिकायचे, एखाद्या जुन्या पाळकाच्या हाताखाली राहायचे आणि दोन-तीन वर्षांनी दीक्षा घ्यायची. तिसरी, बाहेरून आलेल्या एखाद्या गटाच्या शिबिरात शेवटच्या दिवशी दीक्षा आणि प्रमाणपत्र घेऊन मोकळे व्हायचे. तिसरी वाट सोपी आहे आणि मंडळीचे सगळ्यांत जास्त नुकसान तिच्यामुळेच होते. पौलाने तीमथ्याला नवशिक्याला अध्यक्ष (मंडळीचा पुढारी) करू नको आणि कोणावर घाईने हात ठेवू नको असे बजावले, ते उगीच नव्हे.

लग्न लावण्याचा अधिकार

हा मुद्दा शिबिरात सहसा निघत नाही, म्हणून आधी घेतो. ख्रिस्ती लग्न 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लागते. त्याच्या कलम 5 प्रमाणे बिशपकडून (अनेक मंडळ्यांवरच्या मुख्य पाळकाकडून) दीक्षा मिळालेला पाळक आपल्या चर्चच्या रीतीने लग्न लावू शकतो. 1970 साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रेस्बिटर (पूर्ण दीक्षा झालेले पाळक) यात बसतात. ज्या मंडळ्यांत बिशप नाही, मंडळीचे वडील (ज्येष्ठ पुढारी) हात ठेवून दीक्षा देतात, तिथल्या पाळकाला कलम 6 खाली राज्य सरकारचा परवाना लागतो. दीक्षा कितीही थाटात झाली तरी परवान्याचे काम तिने भागत नाही. अधिकार नसताना लग्न लावणे हा कलम 68 खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

भोगावे मात्र नवऱ्या मुलीला लागते. पासपोर्ट, वारसा, नवऱ्याने सोडले तर पोटगी, जिथे जाईल तिथे लग्नाचा दाखला मागतात आणि तिच्याकडे शिबिराचा शिक्का असलेला कागद असतो. म्हणून परवाना येईपर्यंत अधिकार असलेल्या पाळकांना बोलवा, रजिस्टरवर सही त्यांची होऊ द्या, संदेश तुम्ही द्या. वेळेचेही बघा. काही अपवाद सोडले तर कलम 10 प्रमाणे लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच लागले पाहिजे. मे महिन्यात ऊन उतरल्यावर रात्री लग्न लावू, असा आग्रह घरचे धरतात. तेव्हा नाही म्हणता आले पाहिजे.

सेमिनरी की विस्तारशिक्षण

धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या पद्धतीत बारावीनंतर बी.टीएच. आणि पदवीनंतर बी.डी. ही पदवी असते. दोन्हींना काही वर्षे घराबाहेर राहावे लागते. पुण्याच्या बिबवेवाडीतले युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 पर्यंत यवतमाळला होते, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी जुन्या पाळकांचे शिक्षण विदर्भात झाले. तिथे बी.डी. इंग्रजीतून होते. धडगाव-तळोद्याच्या आश्रमशाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाचे पहिले वर्ष ग्रीक-हिब्रूपेक्षा इंग्रजीतच जाते. बुद्धी कमी पडते असे नाही, पण वर्ष जाते. आधी सहा महिने इंग्रजी वाचनाची तयारी करून गेले तर हा त्रास निम्म्यावर येतो. मराठीतून शिकवणारी बायबल स्कूलेही आहेत. तिथली पदवी तुमचे डायसिस (बिशपच्या हाताखालचा विभाग) किंवा तुमचा मंडळीसंघ दीक्षेसाठी धरतो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

विस्तारशिक्षणात आठवडाभर घरी पुस्तक वाचायचे आणि ठरलेल्या दिवशी मार्गदर्शकासोबत गटात बसायचे. बंगळूरची टॅफ्टी ही संस्था 1971 पासून हे काम करते. खर्च कमी, मंडळी सुटत नाही. मोडते ते कापूस वेचणीच्या दिवसांत. दिवाळीनंतर अर्धी मंडळी ऊसतोडीला गुजरातकडे जाते, गट फुटतो आणि तीन महिन्यांत वाचन मागे पडते. म्हणून अभ्यासाचे मोठे भाग जून ते सप्टेंबरात ठेवा, वेचणीच्या काळात फक्त उजळणी करा.

सेमिनरीतून आलेल्याला शास्त्र चांगले सांगता येते, पण गावात परतल्यावर बऱ्याचदा मराठी पुस्तकी होते. संदेश मराठीत चालतो. मेलेल्या लेकराच्या आईशी मात्र मावची, भिली किंवा अहिराणीतच बोलावे लागते.

तयारी कशावरून ओळखायची

चांगला संदेश देता येतो, यावरून फारसे कळत नाही. नवीन माणसाकडचे तयार विषय तीन-चार महिन्यांत संपतात आणि मग आशीर्वाद, विश्वास, दशांश हेच फिरून येते. मार्काचे सोळा अध्याय ओळीने, एकही भाग न गाळता मंडळीला समजावून सांगा. हे जमले तर शिकवण्याची तयारी आहे.

आजाऱ्यासाठी प्रार्थना ही मोठी कसोटी. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, क्षयही आहे. क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस साक्ष देतो, 'प्रभूने बरे केले', आणि गोळ्या बंद करतो. मग आजार उलटतो आणि नेहमीची औषधे लागू पडेनाशी होऊ शकतात. साक्षीनंतर त्याच सभेत उभे राहून 'दादा, गोळ्या पूर्ण करा, आपण प्रार्थनाही चालू ठेवू' एवढे म्हणण्याची हिंमत नसेल, तर तो भाऊ अजून तयार नाही. याबाबतीत आम्ही कोणालाच सूट देणार नाही.

मयताचे काम उन्हाळ्यात काही तासांत उरकावे लागते. दफनाची जागा कोणाची, ग्रामपंचायतीला कोण कळवणार, घरात एक जण जुन्या रीतीचा हट्ट धरून बसला तर काय, हे त्या दिवशी सुचत नाही, आधी ठरलेले लागते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती करून घेणे पाळकाने आपलेच काम समजावे.

पैशाचे नियम थोडेच आहेत. अर्पण दोघांनी मोजायचे, त्याच दिवशी वहीत लिहायचे, दोघांनी सही करायची. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा हवा. पाळकाच्या स्वतःच्या मोबाइलला जोडलेला कोड भिंतीवर लागला की भांडण ठरलेलेच, मग माणूस कितीही प्रामाणिक असो. मंडळीचा ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो.

पत्नीला स्वतंत्रपणे विचारा, सासूसमोर नको. रात्री-अपरात्री येणाऱ्यांना चहा तीच करणार आहे.

कोणी काय करावे

पंचविशीच्या आत, संसार नसेल तर सेमिनरी, दुसरा विचार नको. ही वर्षे पुन्हा मिळत नाहीत. डायसिसच्या वाटेत पास्टरेट कमिटीची (स्थानिक मंडळीच्या समितीची) शिफारस आणि मुलाखत, नंतर शिक्षण, मग डीकन (दीक्षेची पहिली पायरी) आणि त्यानंतर प्रेस्बिटर असे टप्पे येतात. वेळ जातो, पण वर कोणीतरी जाब विचारणारे असते. बहिणींनीही हे लक्षात ठेवावे: चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळते, इतर बऱ्याच मंडळ्यांत नाही.

तिशी ओलांडलेल्या, चालती मंडळी असलेल्या भावाने दुसरी वाट धरावी. या काळात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन कोण देणार, हे मंडळी आधीच विचारेल. त्यासाठी दीक्षित पाळकांशी महिन्यातला एक रविवार पक्का करा आणि वर्षाच्या तारखा एकदाच लिहून घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दिवाळीआधीचा रविवार त्यात असलाच पाहिजे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने दीक्षेची घाई करूच नये. सरकारी नोकराला परवानगीशिवाय दुसरीकडे पगारी काम करता येत नाही, आणि आठवड्यातले सहा दिवस शाळेत असणाऱ्याला मयताला वेळेवर पोहोचणे जमत नाही. अशा भावाने मंडळीत वडील म्हणून राहावे, हिशेबाची वही सांभाळावी, मुलांना शास्त्र शिकवावे. निवृत्तीनंतर अर्ज करता येतो.