सोसायटीच्या बॅकअपला जनसेट (डिझेल जनरेटर) ठेवायचा की बॅटरी घ्यायची?

२०२२ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि डिझेल जनसेटवाल्यांनी पाच वर्षांत सोलर-बॅटरीसारख्या स्वच्छ पर्यायाकडे जायचा प्रयत्न करावा असं म्हटलं. प्रयत्न करावा, म्हणजे सरसकट बंदी नाही, वेंडर काहीही घाबरवतात. शिवाय शहरातला सप्लाय किती भरवशाचा आहे ते बघून राज्याचा वीज नियामक आयोग वेगळी मुदत देऊ शकतो असंही त्यात आहे, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

भरवसा मोजायला सैफी आणि सैडी असे दोन आकडे असतात. वर्षात ग्राहकाची लाइट सरासरी किती वेळा गेली ते सैफी, एकूण किती मिनिटं गेली ते सैडी. आता बघा, दहा-दहा मिनिटं ६० वेळा गेली काय आणि सलग १० तास एकदाच गेली काय, सैडी ६०० मिनिटंच येते, पण तुमचा निर्णय मात्र पूर्ण उलटा होतो. त्यातून ही सरासरी, तुमच्या फीडरचं, म्हणजे तुमच्या भागाला वीज देणाऱ्या लाइनचं, त्यात काहीच कळत नाही, म्हणून वॉचमनला वर्षभर वहीत लाइट गेल्याची-आल्याची वेळ लिहायला लावा, ती वही कोटेशनपेक्षा जास्त कामाची.

छोटे छोटे कट जास्त असतील तर बॅटरी बिनधास्त घ्या. धूर नाही, आवाज नाही, सप्लाय लगेच चालू. जनसेट लिटरमागे साधारण ३-३.५ युनिट देतो, म्हणजे ९० रुपये लिटर धरलं तरी युनिटला २५-३० रुपये नुसतं डिझेल, आणि एकट्या लिफ्टसाठी मोठा सेट चालवला तर त्याहून वाईट.

पण तास वाढले की बॅटरीचं गणित बिघडतं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून सरासरी ५ किलोवॉट धरले तर २० युनिटची बॅटरी साडेतीन-चार तास जाईल, पुढे काय? पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते तो वेळ कसाबसा निघेल, पण २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, तिथे डिझेलचा कॅनच कामाला येतो.

आणि गच्चीवर सोलर आहे म्हणून निवांत राहू नका, साधं ऑनग्रिड (बाहेरच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) सोलर लाइट गेली की स्वतःच बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी असेल तरच उपयोग, पण केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतात ते सोलरचे, बॅटरीचे नाही.

मी असतो तर छोटी बॅटरी घेऊन जुना जनसेट लांबच्या कटसाठी ठेवला असता. बिल्डिंग उंच असेल तर फायर पंप आणि फायर लिफ्टला पर्यायी सप्लाय लागतोच, त्यामुळे फायरवाल्यांना विचारल्याशिवाय सेट भंगारात काढू नका. आणि इन्व्हर्टर घेताना लिफ्टची मोटर स्टार्ट होताना किती करंट खेचते ते लिफ्टवाल्याकडून लेखी घ्या.