बॉन्डाय–कूजी की स्पिट–मॅनली? सिडनीत चालायला एकच दिवस असेल तर

सिडनीत मुलाकडे किंवा मुलीकडे आलेल्या आई-बाबांना घरचे एकदा तरी बॉन्डायला नेतातच. अर्धगोलाकार वाळू, लाटांवर सर्फबोर्ड घेऊन पोहणारी पोरं, चार फोटो, एक आइस्क्रीम आणि परत गाडीत. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण बघण्यासारखं जे आहे ते त्या वाळूच्या दक्षिण टोकाला सुरू होतं. तिथून कड्याच्या अंगाने कूजीपर्यंत पायवाट जाते. बंदराच्या उत्तरेला तशीच दुसरी वाट आहे, स्पिट ब्रिज ते मॅनली. आपल्या मंडळींत तिचं नाव कमीच निघतं. दोन्ही वाटा शहरातच आहेत, फुकट आहेत आणि दोन्हींना बसने जाता येतं.

दृश्यांच्या बाबतीत दोन्हींत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. बॉन्डाय–कूजी उघड्या महासागराला लागून आहे: समोर थेट क्षितिज, खाली कड्यावर आपटणाऱ्या लाटा. स्पिट–मॅनली बंदराच्या आतून जाते: शांत पाणी, शिडाच्या होड्या, झाडी. पहिली साधारण ६ किलोमीटरची, न रेंगाळता दोन-अडीच तासांची. दुसरी १० किलोमीटरची, साडेतीन ते चार तासांची. निवड करताना मी मात्र अंतराच्याही आधी एक गोष्ट विचारते: मध्येच थांबायची वेळ आली तर काय कराल?

बॉन्डाय–कूजीवर या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. टॅमरामा, ब्राँटी, क्लोव्हेली असे किनारे ओळीने येत राहतात. तिथे पाण्याचा नळ असतो, स्वच्छतागृह असतं आणि वर गेलं की रस्ता लागतो. बाबांचे गुडघे बोलायला लागले, नातवंडांनी भोकाड पसरलं किंवा आभाळ भरून आलं तर ब्राँटीला वाट सोडायची आणि बसने बॉन्डाय जंक्शन गाठायचं. तिथून ट्रेन आहेच. स्पिट–मॅनलीवर क्लॉन्टार्फचा किनारा मागे पडला की वाट राष्ट्रीय उद्यानात शिरते. तिथून बाहेर पडायला फाटे आहेत, पण चढून वरच्या वस्तीत यावं लागतं आणि त्या भागात बस विरळच. त्यामुळे ती वाट धरायची तर मॅनली गाठायचंच, अशा तयारीने. सोबत साठीच्या पुढची किंवा पाच-सहा वर्षांची माणसं असतील तर मी दुसरा विचार न करता बॉन्डाय–कूजीच सांगते.

पण ती सपाट आहे असं समजून जाऊ नका. बॉन्डायच्या आइसबर्ग्ज या पोहण्याच्या तलावापाशी सुरुवातीलाच पायऱ्या उतराव्या लागतात, टॅमरामाच्या दोन्ही बाजूंना चढउतार आहेत आणि क्लोव्हेली ते गॉर्डन्स बे हा टप्पा तर पायऱ्यांचाच. बाबागाडी घेऊन पूर्ण वाट होत नाही. गुडघेदुखी असलेल्यांसाठी मी वेगळा तुकडा सुचवते: बसने ब्राँटीला या आणि तिथून क्लोव्हेलीपर्यंतच चाला. सुरुवातीचा चढ सोडला तर मधला बराच भाग कड्याला धरून बांधलेल्या लाकडी मार्गावरून जातो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला वेव्हर्लीची दफनभूमी. ही दफनभूमी १८७७ मध्ये सुरू झाली आणि पांढऱ्या संगमरवरी देवदूतांच्या रांगा समुद्राकडे उतरत येतात. ऑस्ट्रेलियाचा लाडका कवी-कथाकार हेन्री लॉसन इथे आहे, आणि लॉरेन्स हारग्रेव्हही, ज्याने १८९४ मध्ये पेटीच्या आकाराचे पतंग एकाखाली एक जोडून स्वतःला वाऱ्यावर उचलून दाखवलं होतं. वाट बाजूने जाते, आत शिरायची गरज नाही. तरी वेळ असेल तर आत जाऊन या.

बॉन्डाय ते टॅमरामा या पहिल्याच टप्प्यात खडकाकडे नीट बघा. मॅकेन्झीज पॉइंटच्या आसपास पिवळट वालुकाश्माला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. समुद्राचे तुषार दगडाच्या छिद्रांत मुरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक उरतात आणि ते फुगताना दगडाचा कण न् कण सुटा करतात. लोह जास्त असलेल्या कठीण रेषा तेवढ्या टिकतात, म्हणून त्या जाळीच्या कडा तांबूस आणि उठावदार. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट उतरलेल्या कुणालाही हे बघून ओळखीचं वाटेल. बोट फिरवलंत तर वाळू हातात येते, म्हणून फिरवू नका.

पोहण्याचा बेत असेल तर तुलना इथेच संपते. बॉन्डाय–कूजी ही पोहणाऱ्यांची वाट आहे, फक्त कुठे उतरायचं ते कळायला हवं. बॉन्डायचा समुद्र दिसायला गोजिरा आणि ओढीला जबर. ६ फेब्रुवारी १९३८ ला लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी इथे शेकडो लोक आत ओढले गेले, सुमारे अडीचशे जणांना जीवरक्षकांनी बाहेर काढलं आणि पाच जण दगावले. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं हा नियम इथे शोभेसाठी नाही. किनारा आपल्या कोकणातला असो की इथला, ‘गुडघाभर तर पाणी आहे’ म्हणत झेंड्यांबाहेर जाणारी आपली माणसं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. टॅमरामाला तर पोहायचा विचारच नको. छोटा आणि देखणा, पण आत खेचणारा प्रवाह तिथे जवळजवळ कायमचा.

लहान मुलांसाठी ब्राँटी. तिथे दक्षिण टोकाला खडकांच्या रिंगणाने अडवलेलं एक उथळ डबकं आहे, बोगी होल म्हणतात त्याला. ओहोटीच्या वेळी मुलं त्यात मनसोक्त डुंबतात. मागच्या हिरवळीवर झाडांची सावली, बाकं आणि फुकट वापरायच्या विजेच्या शेगड्याही आहेत. घरून भरलेले डबे उघडायला यापेक्षा चांगली जागा या वाटेवर नाही. पोहता येणाऱ्यांसाठी क्लोव्हेली: दोन्ही बाजूंनी काँक्रीटचे ओटे बांधलेली अरुंद खाडी, लाटांचा जोर बाहेरच मोडलेला. पोहण्याचा चष्मा लावून डोकं पाण्यात घातलं की निळा ग्रोपर दिसण्याची शक्यता बरीच आहे. चांगला हातभर लांब, जाड ओठांचा, गडद निळा मासा. तो न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा आहे आणि माणसांना इतका सरावलेला की जवळ येऊन आपल्यालाच निरखतो.

आणि कूजीला पोचल्यावर वाट संपली असं समजू नका. किनाऱ्याच्या दक्षिणेला थोडं चाललं की मॅकआयव्हर्स हा खडकात घडवलेला समुद्राचा तलाव लागतो, जिथे फक्त बायका आणि लहान मुलांना प्रवेश आहे. १९व्या शतकापासून बायका इथे पोहत आल्या आहेत. शुल्क नाममात्र. चारचौघांसमोर पोहण्याच्या पोशाखात उतरायला ज्यांना आयुष्यभर संकोच वाटला, अशा आपल्या आया, सासवा, मावश्या इथे निर्धास्त पाण्यात उतरतात. मी तर म्हणेन, सोबत आई असेल आणि तिला पाण्याची आवड असेल तर सगळा आढावा बाजूला ठेवा आणि याच वाटेने जा. त्याच बाजूला थोडं पुढे १९०७ चे वायलीज बाथ्स आहेत, तिथे सगळ्यांना प्रवेश.

कूजीच्या उत्तर टोकाला डॉल्फिन पॉइंट लागतो. १२ ऑक्टोबर २००२ च्या बालीतल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसं गेली, त्यांतले ८८ ऑस्ट्रेलियन. ‘कूजी डॉल्फिन्स’ या रग्बी क्लबचे सहा खेळाडू त्यांत होते, त्यांच्यावरून या टोकाला हे नाव दिलं. स्मारक वाटेवरच आहे.

आता स्पिट–मॅनली. चालणं हाच ज्यांचा आनंद आहे, ट्रेकची सवय आहे, पायात दम आहे, त्यांनी डोळे झाकून ही निवडावी. शहरातल्या विन्यार्डहून बस स्पिट ब्रिजला येते आणि वाट पुलाच्या उत्तर टोकापाशी सुरू होते. पाच मिनिटांत गाड्यांचा आवाज विरतो. फिशर बेच्या घळीत नेचे, ओलावा, लाकडी पूल, आणि वाटेत आडवा पसरलेला वॉटर ड्रॅगन नावाचा लांब शेपटीचा सरडा. तो काही करत नाही, वळसा घालून पुढे जा. बॉन्डायच्या बाजूला बहुतेक वेळ डोक्यावर ऊन असतं, इथे निम्म्याहून जास्त वाट सावलीची आहे.

क्लॉन्टार्फला थांबा. हिरवळ आहे, स्वच्छतागृह आहे, पाणी भरून घ्या. याच ठिकाणी १२ मार्च १८६८ ला सहलीला आलेल्या राजपुत्र आल्फ्रेडवर, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या दुसऱ्या मुलावर, पाठीमागून गोळी झाडली गेली. तो वाचला. पुढे १८७० मध्ये तोच मुंबईला आला आणि त्याच्या हस्ते रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची पायाभरणी झाली. रिगल सिनेमाजवळची ती दगडी इमारत आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. कुलाब्याला जाता-येता आपण ती शंभर वेळा बघितलेली असते.

पुढे ग्रॉटो पॉइंटचा फाटा येतो. बरेच जण दमल्यामुळे किंवा घाईत तो सोडून देतात. कृपा करून सोडू नका. सपाट खडकावर इथल्या मूळ रहिवाशांनी कोरलेल्या आकृत्या आहेत: मासे, कांगारू, बूमरँग. रंग नाही, उठाव नाही, दगडात उतरलेली बोटभर रुंदीची एक चर, तीही झिजलेली. भर दुपारी गेलात तर दगडच दिसेल. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, प्रकाश तिरपा पडला की त्या चरीत सावली भरते आणि माशाची पाठ, मग शेपटी, अशी एकेक रेषा जागेवर येते. लाकडी कठडा ओलांडायचा नाही, आकृतीवर पाय तर नाहीच.

डोब्रॉइड हेडवर (हेड म्हणजे भूशिर) पोचलात की समोर बंदराचं तोंड उघडतं: डावीकडे नॉर्थ हेड, उजवीकडे साउथ हेड, मधून आत येणारी जहाजं. दोन्ही वाटांवरचं एकच ठिकाण निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन. खाली क्रेटर कोव्हमध्ये मच्छीमार आणि सुट्टी घालवणाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून हाताला लागेल त्या दगड-पत्र्याने बांधलेल्या झोपड्या दिसतात. उतरून गेल्यावर फॉर्टी बास्केट्स नावाचा छोटा किनारा लागतो. १८८५ मध्ये सुदानच्या लढाईवरून परतलेल्या सैनिकांना नॉर्थ हेडला विलगीकरणात ठेवलं होतं, त्यांच्यासाठी इथून चाळीस टोपल्या मासळी गेली, असं सांगतात. तिथून फेअरलाइटमार्गे मॅनलीपर्यंत वाट सोपी आणि फरसबंद.

आणि परतीचा प्रवास. इथे स्पिट–मॅनली सरळ बाजी मारते. कूजीहून तुम्ही बसने परतता, मॅनलीहून फेरीबोटीने. नेहमीची मोठी फेरी अर्ध्या तासात सर्क्युलर की या शहरातल्या धक्क्याला पोचते, वाटेत दोन्ही हेड्सच्या समोरून जाताना समुद्राची लाट बोटीला हलवते. बोट लागत असेल तर तेवढी पाच मिनिटं बाहेर उभे राहा. ऑपेरा हाउस डाव्या हाताला येतं, तेव्हा जागा त्या बाजूची धरा. मॅनलीपासून सुरुवात करून उलटं चालू नका, ही फेरी शेवटी हवी.

ऋतूचा विचार करा, कारण आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत इथे थंडी सुरू झालेली असते. जूनमध्ये पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून स्पिटहून दहाच्या आत निघा. पोहायला पाणी गार असतं, पण मे ते नोव्हेंबर देवमाशांचा काळ. बॉन्डाय–कूजीवरच्या कुठल्याही टोकावर दहा मिनिटं शांत उभं राहिलं तर दूर फवारा दिसू शकतो. त्यासाठी दुर्बीण न्या. डिसेंबर–जानेवारीत ऊन भाजून काढतं, तेव्हा बॉन्डाय–कूजी सकाळी सातला सुरू करा. उन्हाळ्यात ईशान्येचा वारा वाहिला की ब्लूबॉटल नावाचे जेलीफिशसारखे डसणारे जीव किनाऱ्याला लागतात. निळा फुगा दिसला तर मुलांना हात लावू देऊ नका, वाळूवर पडलेलाही डसतो. ऑक्टोबरच्या अखेरीस तुम्ही इथे असाल तर बॉन्डाय–टॅमरामा टप्प्यावरचं ‘स्कल्प्चर बाय द सी’ हे १९९७ मध्ये सुरू झालेलं शिल्पप्रदर्शन त्या वर्षी आहे का ते बघा. असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवार-रविवारी तिथे मुंगीच्या पावलाने सरकावं लागतं.

दोन दिवस काढता आले तर आधी बॉन्डाय–कूजी करा. सोबतच्यांचा वेग आणि दम किती आहे ते त्यात कळतं. कूजीपर्यंत सगळे हसतखेळत पोचले तर मधे एक दिवस विश्रांती देऊन स्पिटला जा. कुणी ब्राँटीलाच बसून राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी सर्क्युलर कीहून मॅनलीची फेरी पकडा आणि तिथून फेअरलाइटपर्यंतचाच सपाट तुकडा चालून या. वीस मिनिटं जायला, वीस यायला, आणि फेरी दोन्ही वेळा मिळते.