सेंटोसाचं ओशनेरियम: दोन तासांत उरकू नका

ठाण्यातून निघणाऱ्या सिंगापूर पॅकेजमध्ये अजूनही कुठे कुठे ‘सी अ‍ॅक्वेरियम, दोन तास’ असं लिहिलेलं असतं. ते नावही जुनं आणि वेळेचा हिशेबही. नोव्हेंबर 2012 मध्ये सेंटोसा बेटावर सुरू झालेलं हे मत्स्यालय जुलै 2025 मध्ये तिप्पट मोठं होऊन ‘सिंगापूर ओशनेरियम’ म्हणून पुन्हा उघडलं. आता 22 विभाग आहेत. साडेतीन तास तरी हाताशी ठेवा. त्याच दिवशी युनिव्हर्सल स्टुडिओज बसवलंत, तर दोन्हींचे पैसे अर्धे वाया.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे रात्रीच्या विमानाने पोचून त्याच सकाळी इथे येणं. सिंगापूरचं घड्याळ अडीच तास पुढे, त्यात आत अंधार आणि गार हवा. पोरं जेलीफिशसमोरच पेंगायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, उघडताच शिरा. अंगात पातळ जाकीट हवंच. बाहेरच्या घामावर आतला एसी बाधतो.

जायचं कसं? मेट्रोने हार्बरफ्रंट, वर व्हिवोसिटी मॉलचा तिसरा मजला, तिथून सेंटोसा एक्स्प्रेस. बेटावर जाताना 4 सिंगापूर डॉलर, येताना फुकट. पहिल्याच स्टेशनला, रिसॉर्ट्स वर्ल्डला उतरा.

सुरुवातीला जेलीफिशची टाकी आहे, तिथे घाई नको. टाकीला कोपरे नाहीत, कारण जेलीफिशला प्रवाहाविरुद्ध नीट पोहता येत नाही. कोपऱ्यात अडकली की घासून फाटते. म्हणून आत पाणी गोल फिरवत ठेवतात. पुढे प्रागैतिहासिक जलचरांचे मोठमोठे पुतळे लागतात. मुलं रमतात, मोठ्यांनी पुढे सरकलं तरी चालेल.

खरे पैसे वसूल होतात ते ‘ओपन ओशन’मध्ये. 36 मीटर रुंद आणि 8.3 मीटर उंच अ‍ॅक्रिलिकची भिंत, पलीकडे मांटा रे, शार्क आणि माशांचे थवे. मांटा बघून आपल्याकडे हमखास ‘अगं, केवढी मोठी पाखट!’ असं निघतं. पण पाखट या चपट्या माशाच्या शेपटीला असतो तसा नांगीचा काटा मांटाला नसतो, आणि एवढं धूड जगतं ते प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर. पोटावरच्या काळ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकीची वेगळी, त्यावरूनच तिची ओळख पटवतात. डोक्यावरून वळसा घेताना ती नक्षी दिसते, तेव्हा बघा. झेब्रा शार्कच्या अंगावर मात्र पट्टे शोधू नका. ते पिल्लांना असतात, मोठेपणी त्यांचे ठिपके होतात. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांना नाक लावून मोठ्या झालेल्या पिढीने इथे तासभर फरशीवर बसकण मारावी.

फोटोंचं सगळ्यांचं गणित इथेच चुकतं. फ्लॅश बंद ठेवा; माशांना त्रास होतो आणि फोटोत नुसता पांढरा डाग येतो. अ‍ॅक्रिलिक जाड आहे, तिरक्या कोनातून मासे ताणलेले आणि कडांना रंग फुटलेले दिसतात. फोन भिंतीला सरळ समोरून टेकवा, मागच्या दिव्यांचं प्रतिबिंबही जातं. नाइट मोडमध्ये पोहणारा मासा पुसट येतो. त्यापेक्षा व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम निवडा. माणसांसकट फोटो हवा असेल तर भिंतीपासून आठ-दहा पावलं मागे या आणि माणसं काळ्या सावल्यांसारखीच येऊ द्या.

किनाऱ्याच्या विभागावर फार वेळ घालवू नका. ओहोटीला ऐरोलीच्या खाडीकाठी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलातले छोटे मासे) बघितल्या असतील, तर तिथली जिवंत गंमत काचेआड येत नाही. नसतील बघितल्या, तर आधी त्या बघा. तिकीटही लागत नाही.

तिकीट ऑनलाइन काढताना तारीख नीट तपासा. जेवण मात्र परत व्हिवोसिटीतच करा. संध्याकाळी परतीच्या गाडीला रांग असेल तर बोर्डवॉकने चालत निघा. वाट समुद्रावरून जाते आणि मॉलपाशीच निघते.